लागते… सुटते… लागते!

‘टडंग!’ म्हणजे लागली. ‘डडुंग…’ म्हणजे सुटली. विंडोजचे हे दोन आवाज ज्यांनी एका बैठकीत वीस वेळा ऐकलेत, त्यांना पुढचं फारसं समजावून सांगायला नको. ट्रेकचे फोटो दोस्ताला द्यायचे असोत, शुक्रवारी संध्याकाळी प्रेझेंटेशन न्यायचं असो, किंवा बॉस नेमका खुर्चीमागे येऊन उभा असो… एक्स्टर्नल हार्डडिस्क अगदी हाच मुहूर्त साधून रुसते. कॉपीची हिरवी पट्टी मस्त धावत असते. चौतीस टक्के, पस्तीस टक्के आणि डडुंग! ड्राइव्ह गायब. आपण केबल काढतो, टोकावर फुंकर मारतो (का मारतो, देवालाच ठाऊक), परत खुपसतो. ती लाजत-मुरडत परत येते. दोन मिनिटांसाठी!

पूर्ण मेलेली हार्डडिस्क परवडली, असं माझं प्रामाणिक मत आहे. निदान एकदाचं रडून मोकळं होता येतं. या लागते-सुटतेवाल्या जमातीचं धड हो नाही आणि धड नाहीपण नाही. लग्न जमवणाऱ्या मंडळींना हा प्रकार चांगलाच परिचयाचा असेल.

लग्नावरून आठवलं. माझ्या मावसबहिणीचं, म्हणजे ताईचं लग्न मे महिन्यात आहे आणि ही सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. मावशीच्या डोक्यात होतं की, हळदीच्या दिवशी घरात जात्यावर हळद दळायची आणि त्या वेळी आजीच्या ओव्या लावायच्या. जातं मिळालं. ओव्या मात्र आता घरात कुणालाच येत नाहीत. माझ्या आईला चार-पाच येतात, त्यातल्या दोन अर्ध्या. मावशीला चाल येते, शब्द नाहीत. आजी २००३ मध्ये गेली.

पण आजीचा आवाज होता. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यांनी, १९८८ ते १९९१ या काळात दरवर्षी वाईजवळच्या गावी जाऊन तो टेप केला होता. सासूबाई दळायला बसल्या की जावईबापू टू-इन-वन घेऊन उंबऱ्यात! गावात लोक हसायचे म्हणे. नव्वद मिनिटांच्या चौदा कॅसेट्स झाल्या. रिटायर झाल्यावर, २०१२ मध्ये, काकांनी टेपच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरमध्ये वायर टाकून त्या सगळ्या उतरवून घेतल्या. कॅसेट काही फाइलसारखी कॉपी होत नाही. ती पूर्ण वाजवावी लागते, तेवढाच वेळ बसून. म्हणजे एकवीस तास. कॅसेटची प्रत्येक बाजू ही एक फाइल, अशा अठ्ठावीस फाइल्स आणि त्यांना काकांनी दिलेली नावं: ‘आई, चौथी, ब बाजू, पाऊस’. पुढे २०१६ मध्ये बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, बिऱ्हाड भाड्याच्या तळमजल्यावर आलं आणि दोन पावसाळ्यांत कॅसेट्सना बुरशी लागून टेप एकमेकांना चिकटल्या. २०१९ मध्ये काकाही गेले. उरली एक टेराबाइटची, तळहाताएवढी काळी डबी. अख्ख्या जगात आजी आता फक्त तेवढ्यात होती. आणि ती डबी लागत होती, सुटत होती.

मी मास कम्युनिकेशन केलंय. आमच्या खानदानात याचा अर्थ ‘हिला प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं’ असा लावतात. त्यामुळे फोन मलाच आला. ‘अगं, ती आजीला दाखवते नि लपवते,’ मावशी म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं, म्हणून मी हसले नाही.

मी डोंबिवलीला पोचेपर्यंत फॅमिली ग्रुपवर उपचार सुरू झाले होते. न्यू जर्सीच्या दादानं ‘फ्रीजरमध्ये ठेव’ असं लिहिलं होतं. हा जुना नुस्खा आहे आणि कुणा ना कुणाच्या मित्राच्या मित्राची डिस्क त्यानं जिवंत झालेली असतेच. पण फ्रीजरमधून बाहेर काढलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. थंड पाण्याच्या बाटलीवर धरतं तसंच. डिस्कच्या आत चकत्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला नव्वद आणि वाचणारं हेड त्या चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. तिथे दव? नको रे बाबा! (दादाची आस्था निव्वळ आजीपोटी नव्हती, हेही नोंदवून ठेवते. त्याच डिस्कवर त्याचे चारशे जीबी पिक्चर आहेत.)

मावशी त्याआधीच स्टेशनजवळच्या एका दुकानात जाऊन आली होती. तिथल्या माणसानं डिस्क कानाला लावली, मान हलवली आणि ‘हेड गेलंय, पंचवीस हजार लागतील, गॅरंटी नाही’ असं सांगितलं. पंचवीस हजार म्हणजे लग्नातल्या फुलांचं बजेट. मावशी फुलं रद्द करायला निघाली होती.

हेड खरंच गेलेली डिस्क सहसा बोलते. टक्… टक्… टक्, एका लयीत. तो आवाज आला तर एक क्षणही ती चालू ठेवायची नाही. मग खरोखरच डेटा रिकव्हरीवाल्या जाणकाराकडे जायचं आणि पैसे मोजायचे. मी डिस्क हातात घेतली, लावली आणि ऐकलं. एकसारखी बारीक घूं… टक्टक नाही, खरखर नाही. फोल्डर उघडलं, सगळ्या फाइल्स दिसल्या. एक वाजवली. जात्याची घरघर आणि आजी! मावशी पदर तोंडाला लावून बसली. दहाएक मिनिटं वाजली आणि ओवीच्या अर्ध्यात डडुंग.

‘बघ! ऐकू देते, पण नेऊ देत नाही,’ मावशी म्हणाली. मावशीला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण निदान तिनंच केलं होतं. कारण कॉपी करायला घेतली की डिस्क दोन मिनिटांतच पडत होती आणि नुसती लावून ठेवली तर अर्धा तास शांत बसत होती. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक रोजनिशी असते. त्यात डिस्क कधी कधी पडली, ते वेळेसकट लिहिलेलं होतं. कारणाच्या जागी ‘सरप्राइज रिमूव्हड’. म्हणजे कॉम्प्युटरच्या मते कुणीतरी अचानक डिस्क ओढून काढली. कुणी? खोलीत आम्ही दोघी आणि देव्हाऱ्यातला गणपती.

मग मी टेबलाखाली वाकले. काय तो संसार! कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला एक दीड मीटरची एक्स्टेन्शन. तिला चार तोंडांचा एक हब. हबला कीबोर्ड, माउस, वायफायचा ठोकळा आणि चौथ्या तोंडाला बिचारी हार्डडिस्क.

इथे थोडं फिजिक्स, पण घाबरू नका. अशा छोट्या डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो. ती डेटाही यूएसबीतून नेते आणि जेवतेही त्यातूनच. जुन्या यूएसबी २ पोर्टनं द्यायचं ते पाच व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर. यूएसबी ३ नं ९००. आणि ज्याला स्वतःचा अडॅप्टर नाही, अशा हबच्या एका तोंडाला नियमानं फक्त १०० मिलिअँपिअर! चकती फिरायला सुरुवात करताना डिस्कला सगळ्यात जास्त भूक लागते, मग सलग कॉपी चालू असताना. चाळीत सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही ना, तसंच. लांब, बारीक केबलमध्ये वाटेतच थोडं व्होल्टेज गळतं, डिस्कपर्यंत पोचतं ते कमी, तिचं छोटं सर्किट भोवळ येऊन पडतं आणि कॉम्प्युटरला वाटतं, कुणीतरी ओढून काढली. पूर्वी या डिस्कबरोबर दोन तोंडांची वाय केबल यायची ती याचसाठी. एका पोर्टवर पोट भरत नसेल तर दोन पोर्टला लावा!

मी हब आणि एक्स्टेन्शन दोन्ही काढून टाकले आणि डिस्क कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावली. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर बसवलेले असतात. पुढचे आतून आणखी एका वायरनं येतात. तेवढ्यात स्क्रीनवर तो सुप्रसिद्ध प्रश्न: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायला हवी, करू का?

‘मावशी, हात लावू नकोस!’ मी जवळजवळ ओरडलेच. तिचं बोट माउसवर होतं. ती आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई; विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, अशी तिची शिस्त. आणि प्रश्न विचारतात ते इतक्या सभ्यपणे की हो म्हणावंसं वाटतं. कनेक्शन अर्धवट असलं की विंडोजला डिस्कवरचं काही नीट वाचता येत नाही आणि ज्याला वाचता येत नाही तो वही कोरी आहे समजून मोकळा होतो. दुसरा तसलाच सज्जन म्हणजे ‘स्कॅन अँड फिक्स’. फिक्स म्हणजे तो डिस्कवर लिहितो, इकडचं तिकडे करतो. धडधाकट डिस्कवर ठीक, पण जी मधूनच पडतेय तिच्यावर लिखाण चालू असतानाच ती पडली तर? म्हणून आधी माल बाहेर, मग दुरुस्ती. कॅन्सल दाबलं, केबल नीट बसवली, डिस्क मुकाट आली.

मागच्या पोर्टवर पाच फाइल्स सलग उतरल्या. अठ्ठावीसपैकी पाच! मावशीनं आनंदानं चहा आणला, ट्रे टेबलावर ठेवला आणि… डडुंग.

चहाचा आणि हार्डडिस्कचा काय संबंध? मी टेबलाला हलकेच टकटक केलं. परत लावली, परत टकटक. गेली. मग माझा लॅपटॉप काढला आणि तीच डिस्क, तीच केबल त्याला लावली. लॅपटॉपला यूएसबी ३, म्हणजे उपासमारीचा प्रश्न नाही. तिथेही केबलला बोट लागलं की गायब. पत्रकारितेत आम्हाला एक गोष्ट घोकून घेतात: एका वेळी एकच गोष्ट तपासा, नाहीतर कोण खोटं बोलतंय कळत नाही. पीसी बदलला, पोर्ट बदलला, हब गेला, आजार तसाच. दोन्हीकडे सारखं काय? डिस्क आणि केबल.

या डिस्कचं डिस्कच्या बाजूचं तोंड तुम्ही पाहिलं असेल. चपटं, रुंद, मध्ये खाच असलेलं, जणू दोन पिना शेजारी चिकटवल्यात. मायक्रो-बी म्हणतात त्याला. बॅगेत डिस्कला लावूनच ठेवलेली केबल, वरून पुस्तकं, डबा, छत्री… वर्षा-दोन वर्षांत ते तोंड सैल पडतं. या केबलनं तर दहा वर्षं काढली होती.

एक जुगाड इथे सांगून ठेवते. त्या जोडतोंडाच्या मोठ्या अर्ध्या भागात जुन्या अँड्रॉइड फोनची साधी मायक्रो यूएसबी केबल बसते. वेग यूएसबी २ चा मिळतो, पण अडीनडीला काम होतं. मावशीकडे श्रीखंडाच्या डब्यात वायरी होत्या. (प्रत्येक मराठी घरात असा एक डबा असतो आणि त्यात श्रीखंड कधीच नसतं.) त्यातून एक केबल निघाली. लावली, डिस्कचा दिवा लागला, ड्राइव्ह मात्र दिसेना. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. ही त्यातलीच.

मी तिथेच थांबले. मावशीला ते पटलं नाही. ‘अगं, पाच आल्या ना? धरून बस ती वायर, मी धरते हवं तर!’ मोह मलाही झाला. पण प्रत्येक वेळी डिस्क पडते म्हणजे फिरती चकती आणि तिच्यावर तरंगणारं हेड अचानक लाइट गेल्यासारखं बंद पडतं. एकदा-दोनदा ती सहन करते, तिची तशी तयारी असते. उगाच पन्नास वेळा का करायचं? जुनी केबल मी माझ्या बॅगेत टाकली, नाहीतर माझ्यामागे मावशीनं ती धरून बसायला कमी केलं नसतं.

बुधवारी एका मीटिंगवरून निघून ग्रँट रोडला उतरले. लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तिथे उगाच मायक्रो-बी वगैरे म्हणायचं नाही. ‘हार्डडिस्कची चपटी केबल द्या, छोटी,’ एवढं पुरे. ‘छोटी’ महत्त्वाचं, कारण जितकी लांबी कमी तितकी वाटेतली गळती कमी. दुकानदारानं तीन काढल्या, मी सगळ्यात जाड आणि सगळ्यात आखूड उचलली. दीडशे रुपये. त्यानं माझ्याकडच्या जुन्या केबलचं तोंड अंगठ्यानं हलवून बघितलं आणि ‘मॅडम, ही तर कधीच गेली’ म्हणाला. पंचवीस हजारवाल्याला हे दिसलं नव्हतं, की दिसूनही दिसलं नव्हतं, यावर मी ग्रँट रोड ते ठाणे विचार केला.

दुसरा रविवार. मेगाब्लॉक, अर्थात! डोंबिवलीला पोचायला दीड तास. लॅपटॉपमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या आत ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ नावाची एक काटकसर असते, वीज वाचवायला ती रिकाम्या पोर्टला डुलकी काढू देते. कधीकधी डुलकी लागलेली डिस्क परत उठत नाही. ती बंद केली. डिस्क टेबलावर आडवी, खाली दुमडलेला टॉवेल. चहा स्वयंपाकघरातच प्यायचा, असा वटहुकूम निघाला.

कॉपीसाठी मी साधं ओढून-टाकणं वापरलं नाही. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची कमांड असते, २००७ च्या व्हिस्टापासून सगळ्यांच्या मशीनवर आहे आणि कुणाला माहीत नसते. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची. मध्येच डिस्क पडली तरी ती सगळं सोडून देत नाही, थांबते, परत प्रयत्न करते. फक्त तिला ‘किती वेळा’ ते सांगावं लागतं. न सांगितलं तर ती प्रत्येक अडलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी तीस सेकंद थांबून. हिशेब करा, जवळजवळ एक वर्ष! इतकी चिकाटी मी फक्त विमा एजंटांमध्ये पाहिली आहे. दोन प्रयत्न, पाच सेकंद असं सांगितलं, फोल्डर फक्त आजीचं दिलं (दादाचे पिक्चर रांगेत शेवटी) आणि एंटर.

मावशी स्क्रीनकडे बघत नव्हती. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी.

चौदा कॅसेट्स, एकवीस तास म्हणजे सुमारे तेरा जीबी. चार मिनिटंही लागली नाहीत. एकदाही डडुंग नाही. अठ्ठावीस फाइल्स, अपयश शून्य, असं तळाशी लिहून आलं. मी ते मोठ्यानं वाचलं. मावशी म्हणाली, ‘एवढंच?’ आणि मग खुर्चीत बसली.

लगेच दुसरी कॉपी पेन ड्राइव्हवर, तिसरी क्लाउडवर, जी अपलोड व्हायला रात्र गेली. सगळं तीन ठिकाणी झाल्यावर मगच डिस्कची नाडी पाहिली, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये. तो डिस्कनं स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी वाचतो. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे पळा. निळा! खराब होऊन बदललेले सेक्टर शून्य, बदलायच्या प्रतीक्षेत असलेले शून्य. ‘हेड गेलेली’ डिस्क ठणठणीत होती. उपाशी होती आणि तिचा हात सुटत होता, इतकंच.

फुलांचं बजेट वाचलं. दादाचे पिक्चरही वाचले. त्याचा तीन वेळा मेसेज आला होता, चौथ्यांदा फोन.

काकांची चौथी कॅसेट, ब बाजू आम्ही त्याच संध्याकाळी ऐकली. खरंच मागे पाऊस आहे. मध्येच जातं थांबतं आणि आजी विचारते, ‘जावईबापू, ह्ये चालू हाय का बंद?’ काका म्हणतात, ‘चालू आहे, आई. म्हणा तुम्ही.’ काकांचा आवाज टेपवर असेल हे मावशीच्या ध्यानीमनीच नव्हतं. तिनं ते वाक्य चारदा मागे नेऊन ऐकलं.

आता हळदीला तीन आठवडे आहेत. मावशी रोज दुपारी लॅपटॉप पुढ्यात घेऊन एकेक ओवी वहीत उतरवते, अडलं की माझ्या आईला फोन लावते. सध्या वाद अकराव्या फाइलवरच्या एका शब्दावर आहे. मावशीच्या मते तो ‘जोंधळा’ आहे, आईच्या मते ‘जोडवं’. नेमका तिथेच एसटीचा हॉर्न वाजलाय.